हत्ती आला कुंचीत

युवराजांनी भेट बाजूला ठेवली आणि वेष्टन खाल्लं!

दोन वर्षांचे युवराज ते, त्यांना कोण काय सांगणार? भागोजी चिताऱ्यानं त्यांच्या वाढदिवसाला लाकडाचा रंगीत हत्ती केला होता. पण दरबारात उघडी भेट आणलेली प्रधानजींना खपत नसे. मग त्यांच्याच हुकुमावरून हत्तीवर चकचकीत कागद चढला, कागदावर टिकल्या, टिकल्यांवर जरीची दोरी आणि हे सगळं धरून ठेवायला टाचण्या. युवराजांनी टिकली गिळली, टाचणी अंगठ्यात रुतवून घेतली आणि असा टाहो फोडला की हत्तीखान्यातले खरे हत्तीही बिथरले. राजवैद्यांनी टिकली बाहेर काढली. राजा रणधवलानं राग बाहेर काढला.

"त्या चिताऱ्याला बंदीखान्यात टाका!"

हुकूम आपलाच होता हे विसरून प्रधानजींनी घाईघाईनं शिपाई धाडले.

दुसऱ्याच दिवशी भागोजीची लेक गोजरा दरबारात येऊन उभी राहिली. मुलगी मोठी फटकळ.

"महाराज, टोचलं टाचणीनं आणि आत बसलाय माझा बा! टाचणी मात्र बाहेर मोकाट फिरतेय!"

पडद्याआड राजमाता खुदकन हसल्या. पण रणधवल म्हणजे हट्टाचा मेरुमणी! तो म्हणाला, "जीभ बरी चालते तुझी. आता हातही चालव! तोच हत्ती सोमवारी नीट झाकून आण. आत काय आहे ते दिसता कामा नये. टाचणी नको, डिंक नको, दोरी नको, गाठ नको. या पायऱ्यांवरून गडगडत सोडला तरी सुटता कामा नये. आणि युवराजांना मात्र आपल्या हातानं उघडता आला पाहिजे!"

प्रधानजींना चेव आला. "आणि महाराज, तो कचरा! भेटी उघडल्या की गाड्या भरभरून निघतो."

"बरोबर! वेष्टन टाकायचं नाही."

"पण ठेवायचंही नाही, महाराज! कोठारात चिंध्यांना जागा उरली नाही."

"ऐकलंस, पोरी? टाकायचंही नाही आणि ठेवायचंही नाही! जमलं तर बाप सुटला. नाही जमलं तर जन्मभर आत!"

गोजरा घरी आली ती तोंड एवढंसं करून. केळीचं पान गुंडाळून पाहिलं, ते फाटलं. धाबळी गुंडाळली, ती सुटली. बाशिवाय घर खायला उठत होतं. तेवढ्यात शेजारच्या तुळसाकाकूंच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. गोजरानं डोकावून पाहिलं. काकू नातवाला कुंची, म्हणजे टोपीला पाठीवर घोळ जोडलेलं बाळलेणं, घालत होत्या, आणि नातू ती डोक्यावरून ओढून फेकत होता.

"बघ गं, गोजरे! मेल्याला भाकरीचा तुकडा धड धरता येत नाही, पण कुंची काढायला केवढा हुशार!"

गोजरा जागच्या जागी थबकली. "काकू, ही कुंची मला द्या!"

"ने की! तशी आता ह्याला आखूडच होतेय. पण थांब, रिकामी कशी देऊ?" काकूंनी आत डिंकाचा लाडू घातला. आणि देता देता त्या जुन्या कुंचीची सगळी कुळकथाही ऐकवली. ती ऐकून गोजरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. लाडू तिनं तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.

सोमवारी दरबार खचाखच भरला. गोजरानं कुंचीचा घोळ हत्तीभोवती गुंडाळला होता आणि ते सगळं बोचकं कुंचीच्याच टोपीत गच्च खोचलं होतं. राजानं स्वतः ते पायऱ्यांवरून लोटून दिलं. बोचकं धपाधप खाली गेलं, तळाशी जाऊन बसलं, पण सुटलं नाही!

मग ते युवराजांपुढे ठेवलं. युवराजांनी टोपी पाहिली. जन्माचं वैर ते! दोन्ही मुठींनी धरून त्यांनी असा हिसका दिला की हत्ती टुणकन बाहेर! लोकांनी टाळ्या पिटल्या. युवराजांनी लगेच कुंचीचा कोपरा तोंडात घातला. राजवैद्य धावले, पण काढायला होतं काय? ना टिकली, ना जर, ना साधा बंद. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं कापड नुसतं.

राजा मिशीवर ताव देत म्हणाला, "आता बोल! हे फडकं टाकणार, की ठेवणार?"

"दोन्ही नाही, महाराज! हे पुढच्या बाळाच्या घरी जाणार. जाताना पोटात खेळणं घेऊन जाणार. बाळ मोठं झालं की त्याच्या पुढच्या घरी."

"बोलायला काय जातंय! चार घरं फिरेल आणि उकिरड्यावर पडेल. पुरावा आहे?"

"आहे की! युवराजांच्या तोंडात."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. कुंचीच्या त्या कोपऱ्याला एक निळं ठिगळ होतं. पडदा सारून राजमाता लगबगीनं पुढे आल्या.

"अगंबाई! हे ठिगळ तर माझ्या हातचं! रणू, अरे ही तुझी कुंची!"

भर दरबारात 'रणू' ऐकून राजाचे कान लाल झाले. पण राजमाता कसल्या थांबतात!

"कुंचीवरची जर तू गिळायचास, म्हणून मीच ती उसवून काढली. मग तू कापडावर उतरलास. चघळून चघळून हा कोपरा फाडलास, तेव्हा हे ठिगळ लावलं! पुढे चितारआळीतल्या सुईणीला नातू झाला, त्याला मी ती आत खाऊ ठेवून पाठवली."

"त्याला चाळीस वर्षं झाली, महाराज," गोजरा म्हणाली. "कुणी टाकली नाही, कुणी ठेवली नाही. आमच्या आळीतलं एकेक पोर हिच्यात वाढलं. मीसुद्धा!"

राजानं ठिगळाकडे पाहिलं. ते चघळणाऱ्या लेकाकडे पाहिलं. आणि मग तो असा हसत सुटला की पगडी कानावर आली.

"सोडा रे भागोजीला! आणि प्रधानजी, ती मोकाट फिरणारी टाचणी आधी पकडा!"

हत्ती मिळाल्यावर युवराजांना कुंचीची पर्वा उरली नव्हती. राजानं ती उचलून गोजरापुढे धरली. "घे, पोरी. पुढच्या घरी पोचती कर."

गोजरानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"अगं, घे की!"

"महाराज, रिकामी?"

राजा पुन्हा खो खो हसला. त्यानं ओंजळी भरभरून मोहरा कुंचीत ओतल्या. गोजरानं घोळ गुंडाळून टोपीत खोचला आणि बापाचा हात धरून ती घराकडे निघाली. दोरी नव्हती, गाठ नव्हती, पण चितारआळीपर्यंत एक मोहोर सांडली नाही!