देवमाशाची साक्ष

फार पूर्वी शूर्पारक नगरात रोहितसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. त्यांचे नाव क्षेमंकर. वय उतरणीला लागले होते.

एकदा घाटावरच्या अश्मक देशाचा राजा अजितकेतू पाहुणा म्हणून आला. त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. शूर्पारकाचे तांडे त्याच्याच घाटवाटांनी जात, म्हणून त्याची मर्जी राखणे रोहितसेनाला अगत्याचे वाटे. पाहुण्याने देवमासा पाहण्याची इच्छा बोलून दाखवताच नाव सज्ज झाली. निघताना रोहितसेन हळूच म्हणाला, "क्षेमंकर, पाहुणे संतुष्ट झाले, तर नदीकाठचे ते सुपीक गाव तुझे."

सकाळ होती, वारा मंद होता. किनारा दिसेनासा झाला, तेव्हा कुरव पक्ष्यांचा थवा पाण्यावर घिरट्या घालताना दिसला. पक्षी सूर मारीत आणि मासळी चोचीत धरून वर येत. नावाड्यांनी नाव तिकडे वळवली. थोड्या वेळाने पाणी फुगले, उंच फवारा उडाला, आणि नावेहून मोठी काळीभोर पाठ वर आली. ती मादी होती, पिल्लू तिच्या कुशीला होते. आई दूरच थांबली. पिल्लू मात्र नावेला येऊन भिडले, आणि कुशीवर वळून एक डोळा पाण्याबाहेर काढून माणसांना न्याहाळू लागले.

अजितकेतू नावेच्या काठावरून वाकून पाहत राहिला. मग उसासा टाकून म्हणाला, "हे दरबारात सांगितले, तर कोणी खरे मानणार नाही. याचे एखादे हाड तरी नेता आले असते."

तो सहज बोलला होता. पण रोहितसेनाने ते उचलून धरले. "क्षेमंकर, भालेकऱ्यांना सांग."

क्षेमंकर त्या डोळ्याकडे पाहत होते. आपण याला पाहायला आलो, तसे हेही आपल्याला पाहायला आले आहे, असे त्यांना वाटले. गावाचा विचार मनाला शिवला आणि ओसरला.

"महाराज, ही आज्ञा माझ्या तोंडून निघायची नाही," ते म्हणाले. "पाहुण्यांना साक्ष हवी आहे. मी अश्मकाला जाऊन ती देतो."

"या वयात घाट चढणार?"

"हळूहळू चढेन."

"आणि गाव?"

"ते राहू द्या, महाराज."

रोहितसेनाचा चेहरा उतरला. अजितकेतू मात्र म्हणाला, "भाले ठेवा. मला अमात्यांची साक्ष पुरेल." पिल्लू आईकडे परतले, आणि दोघेही खोल पाण्यात दिसेनासे झाले.

पुढे अश्मकाच्या दरबारात क्षेमंकरांनी जे पाहिले ते सांगितले. दरबारी हसले. एकजण म्हणाला, "समुद्रकाठची माणसे मासा दाखवताना हात जरा जास्तच पसरतात." क्षेमंकर रागावले नाहीत. त्यांनी तेच पुन्हा सांगितले, तिळभर कमी नाही की जास्त नाही. हशा आणखी वाढला.

अजितकेतू मान खाली घालून बसला होता. तो सिंहासनावरून उतरला आणि त्या वृद्धाशेजारी जाऊन उभा राहिला. "नावेत मी यांच्याजवळच होतो," तो म्हणाला. "हसायचे असेल, तर मलाही हसा."

कोणी हसले नाही.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून भगवान शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा रोहितसेन आजचा उदायी, अजितकेतू आजचा आनंद. ते पिल्लू राहुल होते, त्याची आई यशोधरा. आणि क्षेमंकर अमात्य मीच होतो. भरवशाने जवळ आलेल्या जिवाचा भरवसा राखणे, हीच मैत्री-पारमिता, मैत्रीची पूर्णता."