सासऱ्याची कवळी

“पण सर, सासऱ्याला तोंडावर कसं विचारायचं, तंबाखू खाता का म्हणून?”

डॉक्टर रणजित मोहिते आपल्या गुरूंना हे विचारत होता. बिडकर सरांनी उभी हयात तासगावात लोकांचे दात काढण्यात घालवली. म्हातारपणी दवाखाना बंद केला, तरी रुग्णाची जुनी खुर्ची मात्र त्यांनी कुणाला हलवू दिली नाही. रणजित त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि आज सांगलीत त्याचं एवढं नाव, की लोक ताटकळत बसतात. असा माणूस त्या दुपारी मान खाली घालून बसला होता.

झालं होतं ते असं. रणजितचे सासरे, तात्या, म्हणजे जुने पैलवान गडी. त्यांची कवळी जावयानंच बसवली होती. दिवाळीला तात्या म्हणाले, खालची कवळी लागते. रणजितनं ती घासून दिली. संक्रांतीला परत लागली, यानं परत घासली. हिरडीवर तांबडा-पांढरा चट्टा होता, तो दोन्ही वेळा याला दिसला. दोन्ही वेळा यानं कवळीलाच दोष दिला.

तात्या तंबाखू खातात हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! चुना लावून मळायची आणि गालात धरायची, ही त्यांची तरुणपणापासूनची सवय. फक्त जावयासमोर नाही. जावई आला की चंची गादीखाली जायची आणि दवाखान्यात खुर्चीत बसण्याआधी चूळ भरून तोंडात लवंग यायची. लवंगेतूनही वास यायचा. पण सासऱ्यानं झाकलेलं जावयानं कसं उघडं करायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगीच!

मग परवा बायको म्हणाली, तात्यांना आता कवळी काढून ठेवली तरी दुखतं. ते ऐकलं आणि दोष कवळीचा नाही हे कळून यानं सरांकडे धाव घेतली.

सरांनी एवढंच विचारलं, की चट्ट्याला बोट लावून बघितलंस का. कडक आहे की मऊ?

“नाही, सर.”

बोट लावलंच नव्हतं. कवळी हातात घेऊन घासायची, यात त्याला बरं वाटत होतं. ती काही कुणाची वडीलधारी नव्हती.

“तुम्ही बघा त्यांना, सर. त्या आजाराचं नाव मी कुठल्या तोंडानं काढू? तुम्ही सांगितलंत तर...”

सर उठले. त्या जुन्या खुर्चीत जाऊन आडवे झाले आणि डोक्यावरचा दिवा लावला. म्हणाले, आधी माझं तोंड तपास.

रणजितनं हात धुतले, हातमोजे चढवले, छोटा आरसा घेतला. देवाला गंध लावावं तितक्या हळू त्यानं सरांचा ओठ बाजूला केला. वरचे दात बघितले, खालचे बघितले आणि आरसा खाली ठेवला.

“सगळं ठीक आहे, सर.”

“सगळं?”

“...दात.”

सरांच्या दवाखान्यात दात सगळ्यांत शेवटी बघायचे असत. आधी जीभ कापडात धरून ओढायची, तिच्याखाली बघायचं, मग दोन्ही गालांतून बोट फिरवायचं. हाताखालची पोरं मागं हसायची, की दाढ दुखतेय आणि म्हातारा जीभ धरतोय. सर म्हणायचे, दुखणारं रुग्ण आपणहून दाखवतो, न दुखणारं कोण दाखवणार? रणजितला हे पाठ होतं, शिकवायला गेला तर तो स्वतःही हेच सांगायचा.

“माझी जीभ का नाही धरलीस?” सरांनी झोपूनच विचारलं.

“तुमची जीभ कशी धरू, सर?”

“मी तुझा कोण?”

“गुरू.”

सरांनी वरचा दिवा ओढून नीट तोंडावर घेतला.

“आता मी तुझा कोणी नाही. परत बघ.”

रणजितनं कापड घेतलं. त्यानं सरांची जीभ चिमटीत पकडून बाहेर ओढली. डावीकडे, उजवीकडे, मग खाली. सरांना उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं सोडली नाही. गालांतून बोट फिरवलं, जबड्याखाली गाठ आहे का ते चाचपलं. काही नव्हतं. तोंड स्वच्छ होतं.

आणि हे सगळं करायला चार मिनिटंसुद्धा लागली नव्हती. दिवाळी जाऊन होळी आली होती... रणजित भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि ते सरांना दिसू नये असं वाटत होतं.

“लाज वाटते, सर. तात्या विचारतील, इतके दिवस काय बघत होतास?”

“विचारतील.”

“काय सांगू?”

“खरं.”

मग तो कोरड्या आवाजात बोलला, की आत्ताच तात्यांच्या गावी जातो, कवळी काढून चट्टा चाचपतो, उद्याच तुकडा काढून तपासायला पाठवतो. लहान असेल अजून. वेळ गेली नसेल. शेवटची दोन वाक्यं त्यानं सरांकडे बघून म्हटली, पण सरांनी त्यावर हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

त्यानं वाकून पायांना हात लावला, गाडीची किल्ली उचलली आणि तो दाराशी गेला.

“रणजित,” सर खुर्चीतूनच म्हणाले, “जातोयस तर जावयाला इथंच बसवून जा.”