मुक्या नळीची शिकार

"माझ्या बापाचा अर्धा कान उडाला, आणि गोळी कुणी झाडली ते म्हणे कुणालाच ठाऊक नाही!"

धुरपी भर दरबारात ओरडली. तिच्या मागे तिचा बाप लखबा डोक्याला फडकं बांधून उभा होता. लखबा शिकारीतला हाकेकरी. ओरडून रान उठवायचं, जनावर बंदुकांपुढे आणायचं आणि बार ऐकू आला की धाडकन आडवं व्हायचं, ही त्याची नोकरी. काल बारच ऐकू आला नाही!

येणार कुठून? काल सगळ्यांच्या बंदुकांना मुकी नळी होती. ती तोंडाला बसवली की बंदूक नुसती शिंकल्यासारखी करायची. आजवर अशी नळी बसवायची तर दरबारचा परवाना लागे, चौकशी होई, जामीन द्यावा लागे. सरदार फत्तेसिंगांच्या मते ही सगळी कटकट होती. ज्याला हवी त्याने नळी लावावी, असं त्यांनी राजे विक्रमाजींच्या गळी उतरवलं होतं. कालची शिकार त्याचीच चाचणी होती, आणि तशी दवंडी उद्या पिटायची होती.

"बाराच्या आवाजाने महाराजांचे कान दुखतात," फत्तेसिंग म्हणाले. "कानांची काळजी नको घ्यायला?"

"घ्यायलाच हवी! बाबांच्या एका कानाची काळजी तर कायमची मिटली!"

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. राजाचा पारा चढला.

"फार चुरूचुरू बोलतेस! सूर्य मावळायच्या आत गोळी झाडणारा शोधून दे. दिलास तर परवान्याचा नियम राहील. नाहीतर उद्या दवंडी, आणि तुझ्या बापाची नोकरी बंद!"

"अगं, आवाज कुणी ऐकला नाही, धूर कुणी पाहिला नाही. कसा शोधणार?" लखबा कुजबुजला.

"शोधायचा कशाला? तो स्वतःच सांगेल."

धुरपी रानात गेली. बाप जिथे उभा होता त्याच्या थेट मागच्या झुडपात एक भलामोठा रानडुक्कर मरून पडला होता. तिने त्याची जखम नीट पाहिली, गावातले चार गडी बोलावले आणि डुक्कर उचलून दरबारात आणून टाकला.

निंबोणीच्या राज्यात शिकारीची एक रीत होती. ज्याची गोळी, त्याचा सुळा. तो सोन्यात मढवून गळ्यात घालायचा आणि मरेपर्यंत मिरवायचा.

"सुळा कुणाचा, सरकार?" धुरपीने भोळेपणाने विचारलं.

"माझा!" फत्तेसिंग उठले. "एका गोळीत लोळवला!"

"काहीतरीच काय! मी मारला!" खजिनदार ओरडले. त्यांना समोरचा हत्तीही धड दिसत नसे.

"मी!" "मीच!" शाहीर आणि वैद्यसुद्धा उभे राहिले.

"गप्प बसा!" राजा गरजला. "हा आमचा! वडाच्या झाडाआडून आम्ही स्वतः गोळी झाडली!"

"नक्की ना, सरकार?"

"राजाच्या शब्दावर शंका?"

"छे छे!" धुरपी खाली वाकली. डुकराच्या जखमेतून तिने लाल चिंध्या ओढून काढल्या आणि बापाच्या कालच्या फाटक्या मुंडाशाला जुळवून दाखवल्या. "गोळी आधी या मुंडाशातून गेली, मग डुकरात शिरली. आता सांगा, ही गोळी कुणाची?"

"महाराजांचीच!" फत्तेसिंग एका दमात म्हणाले. "आम्ही तर त्या बाजूला फिरकलोच नाही!"

शाहीर आणि वैद्य केव्हाच खाली बसले होते. राजा लालबुंद झाला.

"आम्हीच कबूल होऊ, हे तुला काय माहीत?"

"सरकार, आवाज झाला नाही की चूक कुणाचीच नसते आणि पराक्रम सगळ्यांचा असतो. आणि सगळ्यांचा पराक्रम शेवटी राजाच्याच नावावर जातो!"

ते ऐकून राजा जो हसत सुटला, तो पोट धरून लोडावर कलंडला.

"दवंडी रद्द! लखबाला गावची पाटीलकी! आणि यापुढे नळीचे परवाने ही पोरगी देईल!"

फत्तेसिंग घाईघाईने पुढे आले. "मग पहिला परवाना मला दे, बाई!"

"देते की, सरदार! त्याआधी एवढंच करा. तुम्ही झुडपात जाऊन हाका द्या, आणि मुकी बंदूक घेऊन बाबा वडाआड बसतील!"

राजाला पुन्हा हसू आवरेना. फत्तेसिंगांनी मात्र पुन्हा कधी परवाना मागितला नाही.