दगडू तांबटाचं अपील

एका गावात एक भोळा माणूस होता, असं सगळीच गावं म्हणतात. पिंपळदरीला त्याचं नाव ठाऊक होतं. दगडू तांबट. माणूस देवभोळा नव्हे, नुसताच भोळा.

त्याच्या बायकोच्या, चंद्रभागेच्या, पित्ताशयात खडे झाले. बिचारी तालुक्याच्या दवाखान्यात कळा सोसत पडली. डॉक्टर म्हणाले, विमा कंपनीचं मंजुरीचं पत्र आणा, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करतो. दगडू गेला आणि हात हलवत परत आला.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"आणि तुम्ही?"

"मी बरं म्हणालो."

चंद्रभागेच्या खाटेसमोर नव्या कायद्याचा तक्ता लावला होता. रुग्णांचे हक्क. ती वाचून म्हणाली, "अहो, नाही म्हटलं की कारण लेखी मागायचं."

दुसऱ्या दिवशी दगडू निघाला. स्टँडवर चहा मागितला. चहावाला म्हणाला, "नाही." दगडूनं कारण लेखी मागितलं. चहावाला देईना. तेव्हा दगडूनं त्याला बायकोचे खडे, कळा, उलट्या, सगळं पहिल्यापासून सांगितलं. चहावाल्यानं कंटाळून लिहून दिलं: म्हैस आटली. तोवर कंपनीचं ऑफिस बंद झालं होतं.

चंद्रभागेनं कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. "माझं दुखणं चहावाल्याला कशाला सांगितलंत? रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची. तोही हक्कच आहे."

तिसऱ्या दिवशी दगडू कुठंही न थांबता ऑफिसात गेला. साहेबानं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"गुप्त आहे."

"आजार काय?"

"तो तर फारच गुप्त."

"मग तुम्ही आलात कशाला?"

दगडूनं इकडंतिकडं पाहिलं. "तेही सांगता येत नाही."

साहेबानं त्याला बाहेर काढलं.

चंद्रभागेला आता रडू यायला लागलं होतं. कळ दाबत ती म्हणाली, "अहो, कंपनीला सगळं सांगायचं असतं. उद्या सांगा. आणि आता बरं म्हणून येऊ नका. निकाल लागला की लगेच अपील करायचं. हा शेवटचा हक्क. तेवढा तरी नीट बजावा."

चौथ्या दिवशी दगडूनं सगळं सांगितलं. तिचं नाव, वय, आजार, वर स्वभावसुद्धा. साहेबानं कागद तपासले, शिक्का मारला. "घ्या. मंजूर."

"हा निकाल का?"

"हो."

"मग मला अपील करायचंय."

साहेब बघतच राहिला. "अहो, निकाल तुमच्या बाजूनं लागलाय."

"लागू दे. मी काय इतका भोळा नाही. बरं म्हणून जायचं नाही, असं घरून बजावलंय."

साहेबानं स्वतः उठून त्याला खुर्ची दिली. अर्जही स्वतःच्या हातानं लिहिला: सदर मंजुरी आम्हांस मान्य नाही, ती रद्द व्हावी. दगडूनं खाली झोकात सही ठोकली. अकरा वर्षांत त्या ऑफिसानं कुणाचंही अपील मान्य केलं नव्हतं. दगडूचं मात्र उभ्या उभ्या मान्य झालं.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर पत्राची वाट बघत होते. चंद्रभागा उशीला टेकून बसली होती. दगडूनं तिच्या हातात कागद ठेवला.

"अगं, कंपनी हरली," तो म्हणाला. "आता घरी चल."