मोठ्या भोकांचं जाळं

उत्तरेच्या थंड समुद्रात होड्या अजून वल्ह्यांनी चालत, तेव्हाची गोष्ट. कॉड मासे धरणाऱ्या एका होडीत म्हाताऱ्या जाळ्याशेजारी नवं जाळं येऊन पडलं.

"आजोबा, तुमची भोकं फार मोठी. पिल्लं सगळी निसटतात," नवं म्हणालं.

"निसटतात खरी. पुढे मोठी होऊन येतात."

होडीवाल्याला नव्याचं पटलं. त्यानं म्हाताऱ्याला घरी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं. पहिल्या वर्षी होडी काठोकाठ भरली, दुसऱ्या वर्षी निम्मी. चौथ्या वर्षी नुसतं शेवाळ आलं, तेव्हा नवं जाळंही खुराड्यावर येऊन पडलं.

"आजोबा, मासेच संपले."

खाली कोंबडीची पिल्लं दाणे टिपायला बाहेर निघाली होती.

"जरा सरक," म्हातारं म्हणालं. "इथं तरी पिल्लांना वाट दे."