पायमोज्यातलं सुटं टोक

दुपारी तिसऱ्या प्रहराचा टोल पडला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. गोष्ट फार फार जुनी आहे. तिथल्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, गावाचंही नाही. पण तो टोल मात्र सांगणाऱ्या प्रत्येकीनं ध्यानात ठेवलेला आहे.

त्या गावात एक रीत होती. बाळाचं बारसं झालं की आत्यानं आपल्या हातानं विणलेलं काहीतरी बाळाच्या अंगावर चढवायचं. दुसऱ्या दिवशीचं कोवळं ऊन पाळण्यावर येईपर्यंत ते काढायचं नाही. मग काढायचं तेही आत्यानंच. दुसऱ्या कुणाचा हात लागला किंवा ऊन यायच्या आत निघालं, तर बाळाचं आयुष्य उणं होतं असं सगळे मानत. खरं की खोटं, कुणी पाहिलं नव्हतं. पण लेकराच्या आयुष्यावर कोण पैज लावणार?

तर त्या दिवशी एक आत्या भाचीच्या बारशाला माहेरी आली होती. क्रोशाच्या सुईवर तिचा हात वाऱ्यासारखा चाले, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर "होईल की, काय मोठंसं" म्हणत तिनं सगळे दिवस घालवले होते.

टोल पडला तशी आतल्या दारातून वहिनी म्हणाली, "वन्सं, दिवेलागणीला बारसं आहे. दोरा तरी आणलाय ना?"

"वहिनी, तुमचा पाळणा सजेस्तोवर माझं विणून होईल."

"पाळणा कधीचाच सजलाय," वहिनी म्हणाली आणि बायका हसल्या.

आत्याही हसली, पण मनात वेळेचा हिशेब करू लागली. दुपटं आता होणार नव्हतं. टोपडंही जाळीचं करायचं म्हणजे वेळ खाणार. मग पायमोजे. मुठीएवढे दोन, मऊ सुती दोऱ्याचे, वर पिवळी किनार. ती ओटीवर बसली आणि सुई चालू लागली. साखळी, खांब, साखळी, खांब. बोटं दिसत नव्हती इतकी भरभर.

किनारीसाठी दोरा बदलला, तिथं टोकं राहिली. खरं तर प्रत्येक टोक सुईनं विणीत ओवून दडवायचं असतं. पण बाहेर सनई सुरू झाली होती. तिनं टोकं तशीच आत ढकलली, लांबच्या लांब.

ओटीच्या कोपऱ्यात एक म्हातारी आठ पायांची कोळीण आपल्या जाळ्यात बसली होती. ती म्हणाली, "बाई, टोकं सुटी राहिली की."

"आतल्या बाजूला आहेत. आत कोण बघतंय?"

"बघत कुणी नाही. पण मी दोऱ्यावर पोट भरते म्हणून सांगते. सुटा दोरा हलणाऱ्याला धरतो. माशी जितकी धडपडते तितका आवळतो. मला काही करावंच लागत नाही."

"जळलं तुझं तोंड," आत्या पुटपुटली आणि मोजे घेऊन आत गेली.

बारसं थाटात झालं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मग तिनं इवल्या पावलांवर मोजे चढवले. "काय हात आहे," जो तो म्हणाला. आत्याला सुटल्यासारखं वाटलं.

घुगऱ्या वाटून होतायत तोच बाळ रडलं.

आधी कुणी लक्ष दिलं नाही. बाळ रडायचंच. पण ते थांबेना. वहिनीनं पदराखाली घेतलं, तोंड लावेना. "पोटात वारा धरला असेल," असं म्हणत आत्याच्या आईनं बाळाच्या बेंबीभोवती हिंग लावला. बाळ ताठ झालं, लालबुंद झालं. मग कुणीतरी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. आत्या हात जोडून मनात म्हणत होती, दृष्टच असू दे देवा. कुणाचीही असू दे, पण दृष्टच असू दे.

मोहऱ्या तडतडल्या. बाळ रडतच राहिलं.

आता आत्याला दिसलं की बाळ एकच पाय झाडतंय. दुसरा पोटाशी घेतलाय, तो हलवतच नाही. मग तोही झाडला आणि बाळानं अशी किंकाळी फोडली की आत्याला कोळिणीचे शब्द आठवले. जितकी धडपडते तितका आवळतो.

तिला ठाऊक होतं. घरभर माणसं होती, पण ठाऊक तिला एकटीलाच होतं. तरी जीभ उचलेना. मोजा काढावा तर आतलं गबाळ सगळ्यांसमोर उघडं पडणार. त्याहून मोठी भीती दुसरीच होती. ऊन यायच्या आत काढला आणि उद्या लेकराला काही झालं, तर? रीत खरी असली, तर?

हळूहळू रडणं बारीक झालं. "दमलं गं, झोपेल आता," एक बाई म्हणाली. आत्याला त्या बारीक आवाजाचीच जास्त भीती वाटली.

वहिनीनं वर पाहिलं. "वन्सं, तुम्ही का गप्प आहात?"

"मोजा काढते," आत्या म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

आईनं तिचा हात धरला. "अगं, ऊन यायचंय अजून. तुझ्याच भाचीचं आयुष्य..."

"आई, मी आत टोकं सुटी सोडलीत. हात सोड. दिवा जवळ आण."

मोजा सहज निघेना. आत काहीतरी धरून होतं. तिनं दिव्याशी तो हळूच उलटा केला, आणि बायका मागं सरल्या. दोरा करंगळीला कितीतरी वेढे घालून बसला होता. मांसात रुतून दिसेनासा झाला होता. करंगळी जांभळासारखी काळीनिळी झाली होती.

"तेल," आत्या म्हणाली. तेल सोडलं. तिनं कमरेची क्रोशाची सुई काढली आणि तिच्या आकड्यानं वेढा उचलू लागली. वाऱ्यासारखा चालणारा हात आता मुंगीच्या पावलानं चालत होता. एक वेढा वर आला, वहिनीनं कात्रीनं तोडला. मग पुढचा. शेवटी शेवटचाही तुटला.

करंगळी तशीच निळी. सगळ्या बघत राहिल्या. तशीच निळी. आत्या ती आपल्या तळव्यात ऊबेला धरून बसली. ती काय पुटपुटत होती ते कुणाला कळलं नाही.

मग कडेनं जरासा रंग आला. फिकट, मग गुलाबी. बाळानं मोठा उसासा टाकला आणि ते वहिनीच्या अंगावर तोंडानं दूध शोधू लागलं.

सकाळी ऊन पाळण्यावर आलं तेव्हा बाळ उघड्या पायांनी खेळत होतं. पुढं ते वाढलं, म्हातारं झालं, त्यानं नातवंडं खेळवली. आयुष्य काही उणं झालं नाही. करंगळीवर एक पांढरी रेघ तेवढी राहिली. ती दिसली की आत्या नजर खाली घालायची.

त्यानंतर गावाची रीत बदलली. आत्यानं विणलेलं आधी उलटं करून सगळ्यांना दाखवायचं. बाळाच्या आईनं आतून बोट फिरवायचं, आणि मगच घालायचं. आणि बाळ रडलं तर जो जवळ असेल त्यानं ते काढायचं, ऊन असो नसो.

बोध एवढाच: घाईत राहिलेली चूक दोऱ्याएवढी असते, झाकून ठेवली की तिचा फास होतो.

बायांनो, आतल्या बाजूला हात घालून बघा, आणि बारशाला विणकाम घेऊन निघालेली कुणी वाटेत दिसली तर तिला थांबवून ही गोष्ट नक्की सांगा.