सरकारांचा ‘या’

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, बुधवार. सकाळी दाट धुकं, वारा अजिबात नाही.

“उद्या गाडी साडेसातला सुटली नाही, तर तुझी शिट्टी नि झेंडी काढून घेईन!” निमखेडचे राजे आदल्या संध्याकाळी रावजी गार्डावर गरजले होते. “जंक्शनवर रोज मेल चुकते. शेजारचे संस्थानिक काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणे, तुमच्या गाडीचं वेळापत्रक छापू नका, पंचांगात घाला!”

“पण सरकार, तुम्ही ‘या’ म्हटल्याशिवाय...”

“माझ्या ‘या’शिवाय गाडी हलणार नाही! आजोबांपासूनची रीत आहे. आणि माझा डाव चालू असताना गाडीचं नावही कुणी काढायचं नाही!”

रीत अशी : निघताना ‘जातो’ म्हणू नये, म्हणून चोपदाराने आत सांगायचं, “सरकार, मंडळी येतात म्हणतात.” सरकारांनी म्हणायचं, “या.” तो शब्द ऐकला की चोपदाराने सज्जातून समोरच्या स्टेशनाकडे आरोळी ठोकायची आणि गार्डाने झेंडी दाखवायची. पण सकाळी सरकार मेहुण्यांशी सोंगट्या खेळायला बसत, आणि तो डाव काही संपत नसे.

रावजीने घरी येऊन डोक्याला हात लावला. बायको सगुणा म्हणाली, “अहो, तुम्ही झेंडी घेऊन उभे राहा. आत्याबाई, उद्या माझ्याबरोबर राजवाड्यावर चला.”

“मी गं कशाला?” सासू कुरकुरली. “मला काय बोलता येतं?”

“बोलू नका. नुसत्या सोबत उभ्या राहा!”

सकाळी दोघी नव्या गुळाची ढेप घेऊन सरकारांच्या दाराशी उभ्या राहिल्या. साडेसातचा टोला पडला आणि सगुणेने पडद्याआडून हाक दिली, “सरकार, नवा गूळ आणलाय. आम्ही सासू-सुना आत येऊ का?”

सरकारांच्या हातात सोंगटी होती. वर न बघताच ते म्हणाले, “या!”

“याऽऽऽ!” कान देऊन उभ्या असलेल्या चोपदाराने सज्जातून आरोळी ठोकली. शिट्टी वाजली, धुक्यात भोंगा घुमला, गाडी हलली!

सरकार ताडकन उठले. “कुणी सोडली गाडी?”

“तुम्हीच, सरकार,” सगुणा आत येत म्हणाली. “तुम्ही ‘या’ म्हणालात.”

“ते तुम्हाला, आत यायला!”

“आपल्या भाषेत येणाऱ्यालाही ‘या’, नि जाणाऱ्यालाही ‘या’! चोपदाराला काय कळणार कुणासाठी ते? आणि गाडीचं नाव मी काढलंच नाही.”

सरकारांनी मिशीवर हात फिरवला. “बरं, मग ही म्हातारी कशाला आणलीस?”

“एकटी आले असते तर तुम्ही ‘ये’ म्हणाला असता, सरकार! ‘ये’ने गाडी कशी सुटायची?”

“तरी म्हटलं, मला नुसतं उभं का केलंय!” म्हातारी पुटपुटली.

सरकार इतके हसले की पटावरच्या सोंगट्या थरथरल्या. “माग, काय हवं ते माग!”

“तो ‘या’ स्टेशनमास्तरांना देऊन टाका, सरकार.”

“दिला! आणि दोघींना जरीकाठी लुगडी!”

गाडी मेलच्या आधी जंक्शनला पोहोचली. रावजीची शिट्टी रावजीकडेच राहिली. सरकार डाव हरले.